चपला बाहेर काढाव्यात

सेक्टर ६, भिलाई
१० जून १९९१

चिरंजीव अरुणकुमार यास,

वरचं 'चिरंजीव' शालूनं टाकलं. मी म्हटलं, टाक बाई, जगू दे तुह्या भावाले, आपलं काय जाते. आशीर्वाद माहा समज. खाली जो डाग हाय थो माहा अंगठा होय, हळदीचा हात लागला असं समजून पुसू नोको.

तुहा बाप जाऊन चार महिने होत आले. परवा प्लांटच्या ऑफिसातून माणूस आला. म्हणे, तेजराम नोकरीत असतानी काविळीनं गेले, त त्यायच्या लेकराले त्यायच्या जागी घेऊ. एकालेच. वर्साच्या आत नाव सांगा, नाई त जागाही गेली न् क्वार्टरही खाली करा. म्या म्हटलं, साहेब, माही सून लेकरं लहान असतानीच गेली, लेक आता गेला, घरात नातवंडं दोन. पोट्टा नागपूरले कॉम्प्युटर शिकून राहिला, पोट्टी अथी ब्लाउज शिवून राहिली. थो म्हणे, मंग एकानं घ्या न् दुसऱ्यानं 'मले नोको' म्हून सही करून द्या. सही नाई त कोनालेच नाई.

त आता तू बोल. बोरशीच्या शाळेतली मास्तरकी तू सोडली तवा मी काही बोलली नाई. कॉम्प्युटरची हौस होती म्हून सोडली का वर्गातले पोरं हसत होते म्हून सोडली, थे तुले मालूम. पन बापाची खुर्ची रिकामी हाय. पाह्यजे असंन त ये, टाइम ऑफिसात बस, प्लांटवाल्यायची हजेरी लाव. नोको असंन त शालूले दे. ती सव्वीस वर्साची झाली. डावा पाय लहानपणीच आखूड राह्यला. पाह्याले येनारे च्या पेतात, पोहे खातात, तिले पानी आनाले लावतात, न् तिची चाल पाहून उठून जातात.

अथी शालू लिवता लिवता थांबली. म्हणे, आजी, हे लिवाची काय गरज? म्या म्हटलं, तूच लिव. तुह्या पायाची गोठ तुह्या हातानं लिवलेली बरी. दुसऱ्या कोनी लिवली त आनखी लंगडी करन.

जवाब लवकर दे.

अंगठा गयाबाईचा


नागपूर
२४ जून १९९१

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. हे पत्र शालूनं आहे तसं वाचून दाखवावं, मधे स्वतःचं काही घालू नये.

आजी, तुला इथली कल्पना येणार नाही, तरी सांगतो. आमच्या इन्स्टिट्यूटच्या दारावर पाटी आहे, 'चपला बाहेर काढाव्यात'. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. आम्ही बॅचमध्ये चाळीस जण, दारात चाळीस जोड. आत एसी, भर उन्हाळ्यात अंगावर काटा येतो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतात. सध्या कोबोल शिकतोय. प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, सर तपासतात, बरोबर असेल तरच मशीनवर बसायला मिळतं.

बाबांनी ज्या टाइम ऑफिसात हजेरी लावण्यात जिंदगी घालवली, ते काम हे मशीन चहा पिऊन होईपर्यंत करतं. थोड्या वर्षांनी तिथे बटण दाबायला एक माणूस पुरेल. अशा ठिकाणी मी बाबांचा टिफिन हॅण्डलला अडकवून सायकल मारत जाऊ?

पण जागा सोडूही नका. वर्ष आहे ना हातात? राहू दे माझ्यासाठी. कोर्स झाला की बघू.

शालूला देण्याचा विचार मात्र डोक्यातून काढा. हेल्मेट घालून लंगडत चाललेली मुलगी बघायला गेटवर गर्दी होईल. घरात शिवणमशीन आहे. ती एका पायानंही चालते. तिला जे जमतं ते करू द्या. माझ्या सहीशिवाय काही होणार नाही, हे तिला ठाऊक असावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

आपला,
अरुणकुमार


सेक्टर ६, भिलाई
८ जुलै १९९१

चिरंजीव अरुणकुमार यास,

तुहं पत्र शालूनं वाचलं. मशीन एका पायानंही चालते, हे म्या तिले दोनदा वाचाले लावलं. पहिल्यांदा लय भरभर वाचत होती, मले वाटलं काही खाऊन टाकते का काय. दुसऱ्यांदा बराबर वाचलं. मंग उठली, म्हणे दाळ करपून राहिली. दाळ त सकाळीच झाली होती.

तुह्या कॉम्प्युटरचं आयकून मले बरं वाटलं. चपला बायेर, आत थंडगार गाभारा, पुजाऱ्यानं वही तपासल्याशिवाय दर्शन नाई. परसादाले काय भेटते रे तथी? का नुसते हिरवे अक्षरं पाहून यायाचं?

न् तुह्या बापाच्या टिफिनचं. म्याच भरत होती थो. चार पोळ्या न् भाजी. जड नव्हता. तुह्यानं उचलल्या गेला असता.

जागा कोनासाठी राखून ठेवाची म्हणतं? गाडीत रुमाल टाकून तू पानी प्याले उतरला, न् इकडे बहीण उभी हाय. तिले बस म्हण, नाई त तू बस. रुमाल कवापर्यंत बसन?

बाजूच्या क्वार्टरमधले गुलाबराव जावयाकडे नागपूरले येऊन राहिले. त्यायच्या हातानं लाखोळीच्या दाळीचे सांडगे पाठवून राहिली. तुह्या इन्स्टिट्यूटचा पत्ता शालूनं लिवून देल्ला. चपला बायेर काढजा, म्हून मीच बजावलं त्यायले.

अंगठा गयाबाईचा


नागपूर
२ ऑगस्ट १९९१

ती. आजीस,

सा. न. गुलाबरावांना पुन्हा इन्स्टिट्यूटमध्ये पाठवू नका. इथे मोठ्या घरची मुलं येतात. धोतरवाला माणूस सांडग्यांची पिशवी घेऊन जिना चढतो, हे बरं दिसत नाही. आमची भेटही झाली नाही. मी आत प्रॅक्टिकलवर होतो. पिशवी खालच्या पानठेल्यावर ठेवून गेले, ती मिळाली. सांडगे ओलसर होते.

आनंदाची बातमी म्हणजे मला इन्स्ट्रक्टर केलं आहे. सरांचा माझ्यावर फार विश्वास. नवीन बॅच आली की आधी माझ्याकडेच येते, मग आत जाते. मुंबईच्या एका कंपनीशी बोलणं चालू आहे, ती लोकांना अमेरिकेला पाठवते. सेक्टर ६ मधल्या कोणाला हे कळलं तर हरकत नाही.

जागेचं अजून ठरवलेलं नाही. बाबांच्या वर्षश्राद्धापर्यंत वेळ आहे. शालूनं घाई करू नये.

आपला,
अरुणकुमार


सेक्टर ६, भिलाई
२० ऑगस्ट १९९१

चिरंजीव अरुणकुमार यास,

तू इन्स्ट्रक्टर झाला म्हून शालूनं आजूबाजूले साखर वाटली. म्या वाटाले लावली. तिचं तोंड मात्र बिनसाखरेचंच होतं.

गुलाबराव आले. म्हणे, भेट नाई झाली, पोरगा कामात होता, मान वर कराले फुरसत नव्हती त्याले. म्या म्हटलं, असंच पाह्यजे.

आता दुसरी गोठ. जुनवानीची सिंधुताई आली होती, तिच्या घरच्या प्रेमलाचं सांगत होती. रंगानं उजळ हाय म्हणे. मान खाली घालून राह्यते, कोनाले उलटून बोलत नाई, घराच्या बायेर पाय टाकत नाई. अशा बाया आता राह्यल्या कुठी? न् सिंधुताई म्हणे, आमाले प्लांटवाला जावाई नोको. त्यायच्या कपड्यायची काळी धूळ धुता धुता जलम जाते. आमाले अमेरिकेतला कॉम्प्युटरवाला पाह्यजे.

म्या म्हटलं, हाय माह्याजवळ एक.

पन ती मोठी खट बाई. म्हणे, अमेरिकेले जानारा पोट्टा भिलाईची जागा कावून धरून बसला? त्याचाच त्याच्यावर भरोसा नाई, त आमी कसा ठेवावा? थो प्लांट सोडल्याची सही करन, थे कागद मले दाखवा, मंग पुढचं बोलू.

मी काय बोलू? शिकलेल्या पोरायच्या मंधात मी पडत नाई. तुले प्लांटची धाकधूक असंन त खुशाल जागा धरून ठेव. सिंधुताईले सांगून देईन का आमचा पोट्टा जरा भेतो.

अंगठा गयाबाईचा


नागपूर
१ सप्टेंबर १९९१

ती. आजीस,

सा. न. भितो कोण? सोबत सही केलेला कागद पाठवतो आहे, दोन साक्षीदारांसकट. सिंधुताईंना दाखवा आणि मग ऑफिसात देऊन टाका. मला प्लांटशी काही घेणंदेणं नाही.

शालूला जायचं असेल तर जाऊ दे. टाइम ऑफिसात पाणी भरायलाही कोणीतरी लागतंच.

प्रेमलाचा फोटो पाठवावा. शिक्षण किती? इंग्रजी बोलता येतं का? पुढे लागेल.

आपला,
अरुणकुमार


नागपूर
१२ जानेवारी १९९२

ती. आजीस,

सा. न. हे माझं तिसरं पत्र. दिवाळी गेली, संक्रांत आली, तुमच्याकडून एक ओळ नाही. फोटोही नाही. सिंधुताईंना कागद दाखवला की नाही? त्यांना सांगा, मुंबईचं जवळजवळ पक्कं आहे.

पुढच्या महिन्यात बाबांच्या वर्षश्राद्धाला येणं जमणार नाही. नवीन बॅच सुरू होते आहे आणि सरांनी मला खास थांबायला सांगितलंय. बाबांना समजलं असतं.

आपला,
अरुणकुमार


नागपूर
२५ फेब्रुवारी १९९२

प्रिय शालू,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. आजीला वाचून दाखवू नकोस.

सोमवारी सकाळी इन्स्टिट्यूटला गेलो तर दाराला कुलूप. खिडकीतून बघितलं, टेबलं आहेत, मशीन एकही नाही. पाटी तेवढी लटकते आहे. सर राहत होते तिथे दुसरंच बिऱ्हाड आलंय. पोरं जिन्याखाली जमली आणि त्यांनी माझीच कॉलर धरली, कारण रोज दारात त्यांना मीच दिसायचो. मी काय करणार? मलाही पुढच्या बॅचचं सांगितलं होतं.

शालू, तू प्लांटमध्ये लागली असशील, पण अजून पक्की झाली नसशील ना? एका ओळखीच्या माणसाला मी विचारलं. तो म्हणाला, बहिणीनं तब्येतीचं कारण लिहून दिलं तर कदाचित भावाचं नाव लागू शकतं. तू लिहून दे की पायामुळे जमत नाही. मी तुझ्यासाठीच म्हणतोय. गेटपासून ऑफिस केवढं लांब, उन्हाळा तोंडावर आलाय. घरी तुझी शिवणमशीन आहेच. तुझं लग्न मी लावून देईन, भाऊ म्हणून शब्द देतो.

मागे काही कमीजास्त लिहिलं असेन तर ते आजीसाठी होतं, तुझ्यासाठी नव्हतं. तू मनावर घेणारी नाहीस.

शालू, इथं कोनी नाई माहं. मले घरी येऊ दे. बुढीले सांगू नोको.

अरुण


सेक्टर ६, भिलाई
८ मार्च १९९२

अरुणकुमार,

आज 'चिरंजीव' नाई. शालूनं सवयीनं लिवलं होतं. म्या विचारलं, वर काय लिवलं? तिनं सांगतलं. म्या खोडाले लावलं.

तू लिवलं होतं, आजीले वाचून दाखवू नोको. तिनं थेही वाचून दाखवलं. 'बुढीले सांगू नोको' तवढं मोठ्यानं वाचलं. तूच शिकवलं ना तिले, आहे तसं वाचावं, मधे काही घालू नये न् काही गाळू नये.

आता आयक. गुलाबरावानं मले सारं मागच्या साली जुलैतच सांगतलं. थे जिना चढून आले तवा तू दारात स्टुलावर बसला होता. पोरं चपला फेकून आत जात, न् तू एकेक उचलून जोडीनं लावत, हातात बिल्ले देत. गुलाबराव हाक मारनार, तेवढ्यात तू एका पोराच्या बुटाची लोंबती नाडी आत खोचली, न् त्यायचा पाय पुढं पडलाच नाई. खाली उतरले. पानठेलेवाल्यानं सांगतलं का पहिल्याच परीक्षेत तुले मशीनवरून उठवलं. सर म्हणे पुढच्या बॅचले घेऊ, थोवर दार सांभाळ. गुलाबराव माह्यासमोर बसून रडले, म्हातारा माणूस. मी नाई रडली. मी विचारलं, चपला बराबर लावत होता का?

तवाच एक ओळ लिवली असती, 'ये बापू, समजलं सारं, बापाची जागा तुहीच हाय', त तू रातच्या गाडीनं आला असता. न् शालू मेली असती तवा अर्धा ब्लाउज मशीनवर राह्यला असता. दोन नातवंडं, जागा एक. म्या तुले तुह्या पत्रातल्या अमेरिकेले जाऊ देल्लं. तूच गेला, म्या त नुसता दरवाजा उघडा धरला.

प्रेमलाचा फोटू मांगितला होता. प्रेमला सिंधुताईची सासू होय. ब्याऐंशी वर्साची. मान वाकली म्हून खाली पाह्यते. कानानं आयकू येत नाई, त उलटून काय बोलन? बायेर पाय टाकत नाई, कारन खाटेवरून उठत नाई. इंग्रजीचं विचारलं नाई. अजूनही मनात असंन त विचारून पाहतो.

तुह्या बापाचं वर्सश्राद्ध झालं. पिंड गुलाबरावायनं देल्ले. कावळा बसे ना. बामण घड्याळ पाहे, लोकं म्हणे काहीतरी इच्छा राह्यली असंन, पोरगा नाई आला. मंग मीच पुढं झाली. म्हटलं, तेजराम, थो प्रॅक्टिकलवर हाय, तू खाऊन घे. तवा बसला. मरून गेल्यावरही थ्या पोरावर भरोसा माह्या लेकाचा.

शालूचं सांगतो. नोव्हेंबरात लागली. पहिल्या दिवशी गेटवर लोकं उभे होते खरे, पन कोनी तिच्याकडे पाह्यलं नाई. त्यायले आत जायाची घाई होती. तुले वाटते तेवढं कोनी कोनाले पाहत नाई रे. जानेवारीत टाइम ऑफिसात कॉम्प्युटर आला. ट्रेनिंगले तिघाले बसवलं, त्यात ती. नावं टाकाले देल्ले त पोट्टीनं पहिलं नाव टाकलं तेजराम. शिकवनारा म्हणे, मॅडम, हा माणूस आपल्याकडे नाई, काढून टाका. तिनं एक बटन दाबलं न् काढलं. घरी येऊन मले सांगतलं, आजी, किती लवकर निघते वो माणूस.

आता अथी ती थांबली. पुढचं मी नाई लिवत म्हणे. म्हणे, आजी, बस झालं, भाऊ हाय माहा. म्या म्हटलं, थे मले मालूम हाय. थो नातू हाय माहा. लिव.

जागा तुले भेटत नाई. ती तब्येतीचं काही लिवून देत नाई. पन घरी ये. हाकलून द्याले मी काही तुही इन्स्टिट्यूट नाई, दाराले कुलूप लावत नाई. क्वार्टर आता शालूच्या नावानं हाय, तिनं 'राहू दे' म्हटलं तवढे दिवस राह्यजो. कोपऱ्यात शिवणमशीन रिकामी हाय. एका पायानंही चालते. तुहे त दोन हायेत.

न् सकाळचं एक काम हाय, थे दुसऱ्या कोनाले जमनार नाई. शालू ड्युटीवरून आली का बूट दाराशीच काढून टाकते, एक इकडे, एक तिकडे. प्लांटनं देल्लेले काळे बूट होत. डाव्याचा तळ मोच्याकडून तीन बोटं चढवून घेतला, म्हून ती आता सरळ चालते. थे पुसून जोडीनं लावजो. एक उंच हाय न् एक बुटका. चुकीचे जोड समजून शोधत बसू नोको. जोडी तीच हाय.

अंगठा गयाबाईचा
अक्षर शालूचं